घटनास्थळी संदेश कुठे अडतो? अग्निशमन जवानांनी या चुका टाळाव्यात

आगीच्या ठिकाणी गोंधळ झाला की दोष बहुधा वॉकीटॉकीच्या माथी मारला जातो. सेट जुना होता, बॅटरी उतरली होती, आवाज तुटत होता, अशी कारणे पुढे येतात आणि काही वेळा ती खरीही असतात. पण थोडे खोलात शिरले की वेगळेच चित्र समोर येते. संदेश सुटलेला असतो, कोणाच्या तरी कानावर पडलेलाही असतो. मात्र ज्याने ऐकला त्याला तो आपल्यासाठी आहे हे कळलेले नसते, किंवा त्याने लावलेला अर्थ बोलणाऱ्याच्या मनातल्या अर्थाहून निराळा असतो. घोडबंदर रस्त्यावरचे टॉवर, वागळे इस्टेटमधील दाटीवाटीचे गाळे आणि तुर्भे ते रबाळे या पट्ट्यातील रासायनिक कारखाने एकमेकांना इतके जवळ आहेत की एकाच मोठ्या वर्दीवर, म्हणजे आगीच्या खबरेवर, महापालिकेचे, एमआयडीसीचे आणि शेजारच्या शहराचे बंब एकत्र येणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. त्यामुळे पुढील चुका दलातील जवानांनी तर टाळाव्यातच, पण कारखान्यांतील अग्निशमन पथकांनी आणि गृहसंकुलांच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनीही त्या माहीत करून घ्याव्यात.

अर्धवट पत्ता पुढे पाठवणे

नवी मुंबईत नुसते ‘सेक्टर १५’ म्हणणे म्हणजे पत्ता न सांगण्यासारखेच आहे, कारण सेक्टर १५ वाशीत आहे, सीबीडी बेलापूरमध्ये आहे, कोपरखैरणेत आहे आणि खारघरमध्येही आहे. घाबरलेला रहिवासी १०१ किंवा ११२ वर फोन करताना आपल्या उपनगराचे नाव गृहीत धरतो आणि ते सांगायचे राहून जाते. वर्दी घेणाऱ्यानेही ते विचारले नाही, तर अपुरा पत्ता तसाच बंबापर्यंत पोहोचतो. म्हणून आधी उपनगर, मग सेक्टर, मग भूखंड किंवा इमारतीचे नाव आणि शेवटी जवळची ठळक खूण, हा क्रम मोडू नये. औद्योगिक पट्ट्यात भूखंडांची ओळख ए, सी, डी, आर अशा अक्षरांनी होते आणि खरखरणाऱ्या वायरलेसवर ‘सी’ आणि ‘डी’ यांत फरक करणे अवघड जाते. तेथे ‘चार्ली’, ‘डेल्टा’ असेच म्हणावे. ही पद्धत कोणाला दिखाऊ वाटते, परंतु चुकीच्या फाटकापाशी उभा राहिलेला बंब अरुंद अंतर्गत रस्त्यावर वळवताना जाणारा वेळ पाहता तो आक्षेप टिकत नाही.

मजल्यांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. नव्या टॉवरमध्ये तळाचे तीन-चार स्तर वाहनतळाचे असतात, त्यामुळे ७०२ क्रमांकाच्या सदनिकेतील माणूस ‘सातवा मजला’ म्हणतो आणि खाली शिडीच्या गाडीपाशी उभा असलेला जवान जमिनीपासून मोजत त्याच मजल्याला अकरावा म्हणतो. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि मदत मात्र भलत्याच मजल्यावर पोहोचते. घटनेची सूत्रे हाती घेणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे नियंत्रण अधिकाऱ्याने, पहिल्या काही मिनिटांतच ‘मजले सदनिका क्रमांकाप्रमाणे मोजायचे’ किंवा ‘जमिनीपासून मोजायचे’ हे वायरलेसवर जाहीर करावे आणि नंतर येणाऱ्या प्रत्येक पथकाला ते पुन्हा सांगावे. इमारतीच्या बाजूंचेही तसेच आहे. एक दर्शनी भाग महामार्गाकडे आणि प्रवेशद्वार सेवा रस्त्यावर असेल, तर ‘पुढची बाजू’ हा शब्द निरुपयोगी ठरतो. नियंत्रण अधिकारी उभा आहे ती बाजू अल्फा आणि तेथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, असे ठरवले की वाद उरत नाही.

बटण दाबताच बोलू लागणे

वॉकीटॉकीचे बटण दाबल्यावर सेटला, आणि संदेश रिपीटरमार्गे (लहर पकडून पुढे दूरवर पाठवणाऱ्या यंत्रामार्गे) जात असेल तर रिपीटरलाही, सुरू व्हायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात बोललेले शब्द गळून पडतात. वागळे इस्टेटमध्ये रस्ते क्रमांकांनी ओळखले जातात. ‘अठ्ठावीस नंबर’मधील पहिले अक्षर गेले की ऐकणाऱ्याला ‘बावीस’ ऐकू येऊ शकते, आणि रस्ता क्रमांक २२ तेथे खरोखरच आहे. बटण दाबून मनात ‘एक’ म्हणावे, मग बोलावे. आकडे सुटे सांगावेत, म्हणजे ‘अठ्ठावीस’ म्हटल्यावर लगेच ‘दोन-आठ’ म्हणावे. ‘सात’ आणि ‘साठ’ यांच्यासाठी तर हा नियम कधीच मोडू नये. सेट तोंडापासून चार बोटे दूर धरावा आणि ओरडू नये, कारण ओरडल्याने आवाज मोठा होण्याऐवजी फाटतो.

‘ओके’ला पोच समजणे

या लेखातील सर्वांत महत्त्वाची चूक हीच आहे, म्हणून ती जरा तपशिलाने पाहू. पाचव्या मजल्यावर ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची पाणी मारायची नळी, धरलेला जवान म्हणतो, “पाणी बंद करा.” खाली पंपावर दोन लाइन चालू आहेत. यंत्रचालक “ओके” म्हणतो आणि हाताशी असलेली डिलिव्हरी (पंपातून होजला पाणी सोडणारे तोंड) बंद करतो. ती मागच्या जिन्याने आत गेलेल्या दुसऱ्या पथकाची निघते, आणि ज्वाळांसमोर उभ्या असलेल्या दोघांच्या हातातला होज एकाएकी लुळा पडतो. वायरलेस उत्तम चालू होता, दोघेही मराठीतच बोलत होते, आणि ‘ओके’ हा शब्दही स्वच्छ ऐकू आला होता.

हेच संभाषण असे व्हायला हवे होते:

“पंप एक, पंप एक, मी ब्रांच दोन.”
“बोला ब्रांच दोन.”
“होज फुटला आहे. ब्रांच दोनची लाइन बंद करा. आम्ही पाचव्या मजल्याच्या जिन्यात आहोत.”
“ब्रांच दोनची लाइन बंद करतो. ब्रांच एक चालू राहील.”
“बरोबर.”
आणि काही क्षणांनी, “ब्रांच दोन बंद केली.”

यात प्रथम ज्याला बोलवायचे त्याचे नाव आहे, मग आपले. उत्तर मिळेपर्यंत मूळ मजकूर सांगितलेला नाही. आदेश ऐकणाऱ्याने तो स्वतःच्या शब्दांत परत म्हटला आहे. आणि काम झाल्यावर ते झाल्याचेही कळवले आहे. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. आदेश समजला आणि आदेश पूर्ण झाला या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि वर उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष दुसरीकडे लागलेले असते.

येथे हुद्द्याचा प्रश्नही आडवा येतो. साहेबांनी सांगितलेले पुन्हा कसे विचारायचे, हा संकोच आपल्याकडे खोलवर मुरलेला आहे. तो घालवण्याची जबाबदारी कनिष्ठाची नाही. ती स्टेशन ऑफिसरची आहे. त्याने स्वतः “मला परत सांग, काय समजले?” असे कवायतीत आणि प्रत्यक्ष कामात विचारत राहिले, तर काही दिवसांत कोणालाही त्यात कमीपणा वाटत नाही.

शब्दांचीही निवड आधी ठरलेली असावी. ‘खाली’ या शब्दाचा अर्थ मराठीत तळाशी असा होतो, परंतु हिंदीच्या सवयीने तो रिकामा या अर्थानेही सर्रास वापरला जातो, त्यामुळे “टँकर खाली आहे” या वाक्यावर कोणी दुसरा टँकर मागवतो तर कोणी आहे त्याला वर बोलावतो. “टँकर रिकामा”, “मजला तपासून झाला, कोणी नाही”, “जिना मोकळा” असे ठरावीक प्रयोग पथकाने लिहून भिंतीवर लावावेत.

रसायनाचे नाव मोघम सांगणे

कारखान्याच्या फाटकावर “आत काय आहे?” असे विचारले की “सॉल्व्हंट आहे” असे उत्तर मिळते. ते पुरेसे नाही. टोल्यूइन पाण्यावर तरंगते, तर ॲसिटोन आणि मिथेनॉल पाण्यात मिसळतात, आणि पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांवर साधा फोम टिकत नाही. तेथे अल्कोहोलरोधक फोम लागतो. म्हणून पदार्थाचे नेमके नाव, साठा किती, कोणत्या टाकीत आणि शेजारच्या टाकीत काय, हे चार प्रश्न विचारून मिळालेली उत्तरे जशीच्या तशी नियंत्रण अधिकाऱ्याला कळवावीत.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर किंवा तळोज्याकडे टँकर उलटला असेल, तर त्यावरील माहितीफलकावर संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार अंकी क्रमांक असतो. पेट्रोलचा क्रमांक १२०३ आहे आणि मिथेनॉलचा १२३०. घाईत ‘बाराशे तीन’ आणि ‘बाराशे तीस’ यांची अदलाबदल किती सहज होते हे वेगळे सांगायला नको. परिणाम मात्र मोठा आहे, कारण चुकीचा फोम मागवला जातो. शिवाय मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ‘आग नाही’ असा चुकीचा अहवालही जाऊ शकतो. क्रमांक एक-दोन-तीन-शून्य असाच सांगावा, ऐकणाऱ्याने तो परत म्हणावा, आणि सुरक्षित अंतरावरून फलकाचे छायाचित्र काढता आले तर तेही पाठवावे. व्हॉट्सॲपचा घटनास्थळी उपयोग एवढाच. आदेश त्यावरून देऊ नयेत. हातमोजे घातलेला माणूस फोन उघडून पाहत नाही.

दोन दले, दोन साहेब

१४ एप्रिल हा दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो तो १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटात मृत्यू पावलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ. श्रद्धांजली वाहताना एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. फोर्ट स्टिकीन या जहाजावर कापसाच्या गाठींबरोबर स्फोटके होती, पण धोकादायक माल असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. आग लागल्याचे दुपारी दोनच्या सुमारास कळले आणि पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला. मधल्या दोन तासांत जहाज तेथेच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, याचा निर्णय वेगवेगळ्या अधिकाऱ्यांत होऊ शकला नाही. धोक्याची माहिती वेळेवर न पोहोचणे आणि अंतिम शब्द कोणाचा हे ठरलेले नसणे, या दोन्ही चुका तेव्हाच्या असल्या तरी आज त्या घडणारच नाहीत असे नाही.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी ३४३ अग्निशमन कर्मचारी मरण पावले. तेथे उत्तर मनोऱ्यात रिपीटर यंत्रणेचे एक बटण दाबायचे राहिले आणि तो चालत नाही असे समजून अधिकाऱ्यांनी त्याचा नाद सोडला. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिसणारी मनोऱ्याची ढासळती अवस्था अग्निशमन दलाच्या नियंत्रकांपर्यंत पोहोचली नाही.

नवी मुंबईत महापालिकेचे दल, एमआयडीसीचे दल आणि कारखान्याचे स्वतःचे पथक एकाच फाटकापाशी येते तेव्हा पहिले काम पाणी मारण्याचे वाटते. खरे तर त्याच वेळी तिन्ही प्रमुखांनी एका जागी उभे राहून नियंत्रण अधिकारी कोण आणि सामाईक चॅनेल कोणता, हे दोन वाक्यांत ठरवणे आवश्यक असते. चॅनेल जुळत नसतील तर प्रत्येक दलाने आपला एक माणूस सेटसह नियंत्रण अधिकाऱ्याजवळ उभा करावा. उपाय अगदी साधा आहे, आणि कोणत्याही यंत्रणेशिवाय चालतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. एका अधिकाऱ्याने साधारण पाच जणांशीच थेट बोलावे ही त्या पद्धतीची मूळ कल्पना पाळली, तरी वायरलेसवरची निम्मी गर्दी कमी होईल असे मला वाटते. महावितरण आणि गॅस कंपनीच्या माणसांनाही याच साखळीत जोडावे. “वीज बंद केली” हा निरोप त्यांच्याकडून थेट नियंत्रण अधिकाऱ्याला मिळायला हवा. चौकीदाराच्या तोंडून आलेला चालणार नाही.

तळघर, पत्र्याची शेड आणि ‘सेट मेला’

तळघरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये संपर्क तुटला की सेट बिघडला असे मानले जाते. अनेकदा सेट ठीक असतो, पण त्याची लहर दूरच्या रिपीटरपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी थेट चॅनेलवर यावे, म्हणजे आतला सेट बाहेरच्या सेटशी रिपीटरशिवाय बोलू शकतो. नियंत्रण कक्षाला मग हे बोलणे ऐकू येणार नाही, म्हणून बाहेर दुसरा सेट मूळ चॅनेलवर ठेवावा. तरीही जमले नाही तर जिन्याच्या तोंडाशी निरोप्या म्हणून एक जवान उभा करावा. सगळाच चॅनेल एकाएकी अडला, तर कोणाचे तरी बटण कपड्यात किंवा पट्ट्यात दाबले गेले असण्याची शक्यता आधी तपासावी.

मदत मागायला उशीर करणे

श्वसनयंत्राच्या मास्कमधून आवाज घुसमटलेला येतो. माइक मास्कच्या ध्वनिपटलाला किंवा गळ्याला लावून हळू, तुटक वाक्यांत बोलावे. सिलिंडरचा दाब ५५ बारच्या आसपास आल्यावर शिट्टी वाजू लागते आणि तिच्या आवाजात वायरलेस ऐकणे आणखी कठीण होते, त्यामुळे शिट्टी वाजेपर्यंत थांबून मग बोलण्याचा बेत मुळातच चुकीचा आहे. वाट चुकली, जोडीदार दिसेनासा झाला किंवा काही अंगावर कोसळले, तर त्याच क्षणी “मेडे, मेडे, मेडे” हा जीव धोक्यात असल्याचा संकेत द्यावा आणि आपण कुठे आहोत, कोण आहोत, काय झाले, काय हवे, हे सांगावे. स्वतःहून बाहेर पडता येते का ते आधी पाहू, ही मर्दुमकी हवा संपवते. मेडे ऐकताच इतरांनी चॅनेल मोकळा सोडावा.

माघारीचा संकेतही केवळ वायरलेसवर अवलंबून ठेवू नये. बंबाच्या भोंग्याचा ठरावीक, सायरनपेक्षा वेगळा आवाज सर्व दलांना आधीच माहीत असावा. तो दिल्यावर प्रवेश नियंत्रण फलकावरील (आत गेलेल्यांची नावे आणि वेळ लिहिलेल्या फलकावरील) नावे वाचून हजेरी घ्यावी; “सगळे आले का?” या प्रश्नाला गर्दीतून येणारे “हो” ग्राह्य धरू नये. एखादे नाव उत्तर देत नसेल, तर चॅनेलवर सर्वांना शांत करून त्याला तीन वेळा पुकारावे, त्याच्या जोडीदाराकडून तो शेवटचा कुठे दिसला ते मजला आणि बाजू यांसह घ्यावे, फलकावर लिहिलेल्या वेळेवरून किती हवा शिल्लक असेल त्याचा हिशेब करावा आणि ही तिन्ही उत्तरे हाती देऊनच राखीव पथक आत सोडावे.