फ्लामेंकोतला लहान कलाकार कसा पाहावा, कसा ऐकावा

सात-आठ वर्षांची मुलगी, ठिपक्याठिपक्यांचा झालरीचा झगा, कपाळावर आठ्या, ओठ घट्ट मिटलेले आणि सगळे आयुष्य भोगून झाल्यासारखी मुद्रा. स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतातील फ्लामेंको या गाणे, नाच आणि गिटार यांच्या कलेची अशी चित्रफीत समोर आली की पाहणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाच्या डोळ्यांत पाणी येते, तर दुसरा म्हणतो, या वयात कसले आले दुःख, ही तर मोठ्यांची नक्कल. दोघेही मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत असतात, आणि फ्लामेंकोत चेहरा सर्वांत शेवटी पाहायचा असतो, कारण नक्कल करायला तोच सर्वांत सोपा.

पहिली तयारी आपल्या हातांची करावी. सोलेआ या प्रकाराचे आवर्तन बारा मात्रांचे असते आणि त्या लयबंधाला कोम्पास म्हणतात. आपल्या एकतालाच्याही मात्रा बाराच, पण साम्य तेथेच संपते. आपली सम पहिल्या मात्रेवर असते आणि तिहाई तिच्यावर येऊन उतरते; सोलेआत वजन तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर पडते आणि वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर मिटते. एक ते बारा मोजत या पाच जागी टाळी द्यावी. तीन-तीनचे दोन गट आणि दोन-दोनचे तीन, अशी ही चाल अंगात भिनायला दोन-चार दिवस लागतात. ती भिनली की मग मुलाचा नाच एकदा डोळे मिटून, केवळ पायांच्या आवाजावर ऐकावा. पाय नुसते जलद पडत आहेत की दहावीवर येऊन खरोखर थांबत आहेत, हे कानांना चटकन कळते. हेरेस शहरातल्या किंवा सेव्हिया शहराच्या त्रियाना वस्तीतल्या कलावंत घरांत मूल पाळण्यात असल्यापासून ही लय ऐकत असते, आणि मातृभाषा यावी तशी ती त्याला येते. म्हणून कोम्पासच्या बाबतीत वयाची सवलत देऊ नये. तशी सवलत मुलालाही नको असते.

दुसऱ्यांदा पाहताना मूल नाचत नसते तेव्हा काय करते, तिकडे लक्ष द्यावे. सारा मुद्दा येथेच आहे, असे मला वाटते. गायक कडवे म्हणू लागला की नर्तकाने पाय आवरायचे असतात. तो साध्या पावलांनी लय राखतो, ओळ कोठे वळते ते ऐकतो आणि ओळ संपताना चार ठोक्यांत तिला उत्तर देतो. पाठ केलेला नाच नाचणारे मूल या वेळी आपल्या पुढच्या हालचालीची वाट पाहत उभे असते, आणि त्याची नजर प्रेक्षकांकडे किंवा पडद्याआडच्या शिक्षिकेकडे जाते. ऐकणारे मूल गायकाकडे वळते. गायकाने एखादा स्वर नेहमीपेक्षा लांबवला, तर पहिल्या मुलाचा ठोका त्या स्वरावर जाऊन आदळतो आणि दुसऱ्याचा पाय हवेतच थबकतो. तो थबकलेला पाय म्हणजे भावना. तिच्यासाठी मुलाने मोठे दुःख भोगलेले असण्याची गरज नाही. समोरच्या माणसाचे दुःख त्याला ऐकू यावे लागते, एवढेच.

हे पाहण्यासाठी रंगमंचापेक्षा कार्यक्रमाच्या शेवटी होणारा फिन दे फिएस्ता अधिक उपयोगी. सगळे कलावंत अर्धवर्तुळात उभे राहून टाळ्या धरतात आणि बुलेरियाच्या द्रुत लयीत एकेक जण पुढे येऊन लहानसा तुकडा नाचून जातो. कोणाचा तरी मुलगा ओढून पुढे आणला जातो. अंगात साधा सदरा, पायांत शाळेचे बूट. तो गाणाऱ्या मावशीसमोर उभा राहतो, दोन आवर्तने काहीच करत नाही, मग खांदा किंचित उचलतो, एक ठोका देतो आणि पाठ फिरवून चालू लागतो. एवढ्यात मंडळी ओरडून उठतात. त्या ओरडण्याकडेही कान असू द्यावा. मुलासाठीचे ‘ओले’, म्हणजे दाद देताना काढलेला उद्गार, दोन जातींचे असते. कौतुकाचे ओले मूल गोड दिसले की कोठेही पडते. खरे ओले बैठकीतल्या ‘क्या बात है’सारखे नेमक्या जागी, जवळजवळ नकळत, आणि बहुधा टाळी धरणाऱ्यांकडूनच येते.

यानंतर प्रकार ओळखावा. बुलेरिया, तांगोस, आलेग्रियास यांत खट्याळपणा, ऐट, घरगुती चेष्टा असते आणि तेथे मूल आपल्या घरातच असते. सेगिरिया मात्र मृत्यूची आणि कायमच्या ताटातुटीची. दहा वर्षांच्या मुलाने सेगिरिया गायली तर ती उसनी समजून ऐकावी. उसनी म्हणजे खोटी नव्हे: आजोबांचा कोट घातलेला नातू खोटा नसतो, कोट सैल असतो इतकेच. गाण्यात आणखी एक अडचण आहे. मोठ्यांच्या गळ्यातला चिरफाळलेला, खरखरीत नाद कोवळ्या गळ्यातून काढण्यासाठी मूल घसा ताणू लागले, तर त्याला भाव म्हणू नये आणि त्याला दादही देऊ नये, कारण पुढच्या वेळी ते अधिक ताणेल.

वयाचा प्रश्न फ्लामेंकोतल्या जाणत्यांनाही सुटलेला नाही. 1922 च्या जूनमध्ये ग्रानादा शहराच्या आलाम्ब्रा राजवाड्यात कान्ते होन्दोची, म्हणजे गहन गायनाची, स्पर्धा भरली. संगीतकार मानुएल दे फाया आणि कवी फेदेरिको गार्सिया लोर्का तिच्या उभारणीत होते. तेथे गौरव झालेल्यांत सत्तरी ओलांडलेला दिएगो बेर्मुदेस होता आणि पुढे मानोलो काराकोल म्हणून गाजलेला बारा वर्षांचा मुलगाही होता. त्याच लोर्काने 1933 मध्ये ब्वेनोस आयरेसला दुएंदेवर, म्हणजे कलावंताला झपाटणाऱ्या त्या काळ्या शक्तीवर, व्याख्यान दिले. त्यात हेरेसच्या नृत्यस्पर्धेत ऐंशी वर्षांची म्हातारी केवळ हात उचलून, मान मागे टाकून आणि पाटावर एक पाय आपटून सुंदर तरुणींच्या हातचे बक्षीस घेऊन जाते. याच व्याख्यानात ज्या गायिका पास्तोरा पावोनची थोरवी तो सांगतो, ती आठव्या वर्षापासून गात होती आणि ‘निन्या’, म्हणजे मुलगी, हे बिरुद तिने म्हातारपणीही मिरवले.

‘मुलांना कसले दुःख’ असे म्हणण्यापूर्वी कोणती मुले, हेही पाहावे. पुढे थोर नर्तकी झालेली कार्मेन आमाया बार्सेलोनाच्या समुद्रकाठच्या झोपडवस्तीत वाढली आणि गिटार वाजवणाऱ्या बापाबरोबर लहानपणीच गुत्त्यांत नाचून पैसे मिळवू लागली. पुढे गाजलेला गायक कामारोन दे ला इस्ला आठेक वर्षांचा असताना घरच्या गरजेपायी खाणावळींत आणि बसथांब्यांवर गात होता. शुल्क भरून वर्गात शिकणाऱ्या आजच्या मुलाला त्यांच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे, आणि त्यांच्या गरिबीला कलेची शाळा ठरवणे तर त्याहून वाईट.

शेवटचा अभ्यास गिटारचा. गिटारवादक पाको दे लुसिया 1947 चा. मोठा भाऊ पेपे गाणारा, पाको वाजवणारा, अशी ‘लोस चिकितोस दे आल्हेसिरास’ नावाची त्यांची जोडी होती आणि 1961 मध्ये त्यांचे ध्वनिमुद्रण निघाले. कुमार गंधर्वांचे बालपण ठाऊक असलेल्या मराठी श्रोत्याला, थोरांच्या तबकड्या हुबेहूब गाणारा मुलगा आणि देवधर मास्तरांकडे शिकून पुढे स्वतःचे गाणे घडवलेला गायक, यांतले अंतर समजावून सांगावे लागत नाही. तोच कान येथे लावावा. आधी तेरा वर्षांच्या पाकोची साथ ऐकावी, मग 1969 पासूनची कामारोनबरोबरची. बोटांचा वेग तुलनेला घेऊ नये. गायक श्वास घेतो त्या क्षणी गिटार काय करते, तेवढेच दोन्हीकडे टिपून ठेवावे.