जुनी सिंगर दुरुस्त करताय? या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात इतवारीतल्या एका कबाडीकडून सिंगर ३१के उचलली. टेलर लोकांची जुनी, जड, काळी मशीन. चाक जाम, सुई वाकडी, कापड सरकवणारे दाते गंजलेले. भाव किलोवर लागला, म्हणजे कबाडीच्या लेखी ती मेलेलीच होती. आधीच्या घरी ती कित्येक उन्हाळे कूलरसमोर उभी होती म्हणे. नागपुरात मशीन अशीच खराब होते: एप्रिलपासून ओली हवा थेट लोखंडावर, आणि कूलर बंद होतो न होतो तोच पावसाळा.

मशीन आता चालते. पण तिच्यासाठी शेवटी जे दोन भाग विकत आणावे लागले, ते दोन्ही गंजानं खाल्लेले नव्हते, मी तोडलेले होते. म्हणून हे लिहितोय.

चाकाशी कुस्ती

चाक फिरत नाही म्हटल्यावर मी दोन्ही हातांनी ओढलं. काहीतरी ‘कट्’ वाजलं आणि मला वाटलं, सुटलं. सुटलं नव्हतं, वाकड्या सुईवर आपटून शटलचं (सुईखाली फिरून दोरा पकडणाऱ्या भागाचं) टोक उडालं होतं. मग इतवारीतल्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, ‘‘भाऊ, जोर काहून लावून राहिले? आधी सुई काढा, शटल काढून पाहा न.’’ शटल काढलं तर मागे खाकी दोऱ्याचा गुंता, जुन्या तेलात भिजून लाखेसारखा कडक झालेला. चिमट्यानं तो ओढून काढला आणि चाक पाव फेरा फिरलं.

उरलेला जाम काढायला घाई नको. मशीनचं डोकं मी भर दुपारी दोन तास अंगणात ठेवलं. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात काळ्या लोखंडाला हात लावता येत नाही, पण आतलं सुकलेलं तेल मऊ पडतं. मग सावलीत आणून, थंड होऊ देऊन, प्रत्येक छिद्रात घासलेट आणि मशीन ऑइलचं मिश्रण टाकलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. (घासलेट टाकल्यावर उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, हे सांगायला लागू नये.) सकाळी चाक पूर्ण फिरवायचं नाही, थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा तेल. माझ्या मशीनला तीन दिवस लागले.

घरातलं तेल

खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे थंडीत ते बाटलीतच गोठतं, मशीनमध्ये वेगळं काय होणार? आणि जवसाचं तर मुळीच नको. विदर्भात ते घरोघरी असतं, पण हवा लागली की ते वाळून कडक पापुद्रा धरतं. म्हणूनच ते रंगात आणि व्हार्निशमध्ये वापरतात. गंज सोडवायचा स्प्रेही वंगण नाही. तो उडून जातो आणि धातू कोरडा पडतो. घासलेटचंही तेच, त्यामुळे सफाई झाल्यावर शिलाई मशीनचं पांढरं, पातळ तेल सगळीकडे पुन्हा द्यावंच लागतं.

चमकवण्याची हौस

सोनेरी नक्षीवर स्पिरिट किंवा थिनर फिरवू नका. या मशीनींवर वरून लाखेचं पॉलिश असतं आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मी आधी मागच्या बाजूला, कोपऱ्यात करून पाहिलं. कापूस लगेच पिवळा झाला, म्हणून समोरची नक्षी वाचली. मशीन ऑइल आणि जुनी मऊ बनियन, एवढं पुरतं. बेडवरचा (मशीनच्या सपाट तळावरचा) नंबरही घासू नका. त्याच्या अक्षरांवरून मशीन कुठल्या कारखान्यात आणि साधारण कधी बनली ते कळतं. मॉडेलमधला ‘के’ स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्याचा. तो १९८० मध्ये बंद झाला.

स्क्रू

माझी दुसरी मोडतोड सुईप्लेटच्या स्क्रूची. पेचकस बारीक होता, खाचेत हलत होता, आणि खाचेचा काठ उडाला. पेचकसाचं पातं खाचेत घट्ट आणि पूर्ण रुंदीभर बसलं पाहिजे. नसेल तर ग्राइंडरवर घासून बसवा. आधी तेल, मग मुठीवर हलकी थाप, मग पीळ. या स्क्रूंचे आटे मेट्रिक नसतात. हार्डवेअरच्या दुकानातला ‘दिसायला तोच’ स्क्रू जबरदस्तीनं बसवला तर मशीनमधले आटे जातात आणि ते नुकसान स्क्रूपेक्षा कितीतरी मोठं. जुन्या मशीनींचे सुटे भाग ठेवणाऱ्याकडेच जा, जुना स्क्रू खिशात घेऊन.

टाके सोडते म्हणून टायमिंग हलवणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. टायमिंग म्हणजे सुई आणि शटलची जुळलेली वेळ. टाके सुटायला लागले की लोक ती बदलायला थेट सुईदांडीचा स्क्रू ढिला करतात. थांबा. आधी सुई पाहा. घरगुती मशीनच्या सुईला एका बाजूनं सपाट कापलेलं असतं. या मशीनींना साधारणपणे गोल दांड्याची सुई लागते, त्यामुळे ती कशीही फिरवून बसते. लांब खाच जिकडून दोरा ओवता तिकडे आणि डोळ्यावरचा खोलगट भाग शटलकडे, हे नजरेनंच जुळवावं लागतं. जरा फिरली तरी टाका सुटतो. लांबीही सुईच्या सिस्टिमच्या (प्रकाराच्या) नंबरप्रमाणे बदलते. चुकीच्या लांबीच्या सुईवर टायमिंग जुळवून ठेवलेल्या मशीनी मी पाहिल्यात; योग्य सुई घातली की त्या बंद पडतात.

सुई बरोबर, नवी, पूर्ण वर चढवलेली, दोरा ठीक, आणि तरीही टाके सुटतात? मग प्लेट काढा, चाक हातानं फिरवा. सुई खालच्या टोकाला जाऊन साधारण २ ते २.५ मिलिमीटर वर आली की शटलचं टोक तिच्या अगदी जवळून, डोळ्याच्या किंचित वरून गेलं पाहिजे. बेडखाली टॉर्च ठेवून खालून पाहा, सुईमागे दोऱ्याचं छोटं कडं उभं राहताना स्पष्ट दिसतं. काही हलवायचंच असेल तर आधी सुईदांडीवर मार्करची रेघ ओढून ठेवा.

तडा आणि वेल्डिंग

पडून तडा गेलेली मशीन गेटवाल्या वेल्डरकडे नेऊ नका. हे बीड (ओतीव लोखंड) आहे, साधं लोखंड नव्हे. थंड बीडावर साध्या रॉडनं वेल्डिंग केलं तर जोडाशेजारची पट्टी काचेसारखी कडक होते आणि तिथेच नवा तडा जातो. आधी तापवून, निकेल रॉडनं किंवा पितळी जोडानं, मग राखेत वा चुन्यात हळूहळू थंड, असं करणारा माणूस शोधा. स्टँडचा पाय असेल तर खुशाल करा. तडा सुईदांडीच्या किंवा शाफ्टच्या घरातून (ते ज्या भोकात बसतात तिथून) गेला असेल तर पैसे घालू नका. जोडताना ते घर वाकतं. अशी मशीन सुट्या भागांसाठी ठेवा.

मोटर सगळ्यात शेवटी

आठवडाभर पायानं चालवा. मग मिनिटाला १४४० फेऱ्यांची मोटर घ्या, २८०० ची नको. मोटरची पुली मशीनच्या चाकाच्या निम्मी ठेवली तर मशीनला ७२० फेरे मिळतात. शिकताना तेही पुष्कळ. पट्टा चढवण्याआधी मोटर नुसती फिरवून दिशा पाहा: चाकाचा वरचा काठ तुमच्याकडे यायला हवा. अर्थिंग घ्याच, स्टँड लोखंडी आहे. आणि कूलर दुसऱ्या खिडकीत.