संरक्षण खर्च संसदेत कसा मंजूर होतो: उत्तर लिहिताना या चुका टाळा

राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत दर फेब्रुवारीत मी संरक्षण खर्चावर एक सराव उत्तर लिहून घेतो. वह्या तपासायला बसलं की तांबडी पेन्सिल पहिल्याच ओळीवर थांबते: "संसदेने संरक्षण विधेयक मंजूर केले." मुलं दर वर्षी नवी असतात, वाक्य तेच असतं.

संरक्षण खर्चाचं असं वेगळं विधेयक आपल्याकडे नसतंच. हा पैसा चार अनुदान मागण्यांतून, म्हणजे सरकारने खर्चासाठी लोकसभेपुढे मांडलेल्या क्रमांकवार मागण्यांतून येतो: मंत्रालयाचा नागरी खर्च, सैन्यदलांचा महसुली (रोजचा चालू) खर्च, भांडवली खर्च (शस्त्रं, साधनसामग्री यांची खरेदी) आणि निवृत्तिवेतन. लोकसभेने या मागण्या मंजूर केल्या, की त्या बाकी सगळ्या खात्यांच्या मागण्यांसोबत एकाच विनियोजन विधेयकात जातात. त्या विधेयकाचा कायदा झाल्याशिवाय एकत्रित निधीतून, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीतून, एक रुपयाही काढता येत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ११४ एवढ्यासाठी तरी मुळातून वाचा.

ही चूक येते कुठून, ते मला तीन वर्षांपूर्वी नीट कळलं. एका महाविद्यालयाचा युवा संसदेचा संघ मी तयार करत होतो. विषय संरक्षण खर्चाचाच. शेवटच्या आठवड्यात मला गावी जावं लागलं आणि मुलांनी संहिता स्वतःच पूर्ण केली. स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. आमच्या 'लोकसभे'ने विधेयक मंजूर केलं, 'राज्यसभे'ने आकडे बदलले, मग दोन्ही सभागृहांची समझोता समिती बसली आणि शेवटी राष्ट्रपतींनी नकाराधिकार वापरला. परीक्षकांपैकी एक बाई विधिमंडळाच्या कामकाजात आयुष्य घालवलेल्या होत्या. त्यांनी संरक्षणमंत्री झालेल्या मुलीला एवढंच विचारलं, "बाळ, ही मागणी क्रमांक कितवी?" तिला प्रश्नच समजला नाही. परतीच्या गाडीत कागलपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "सर, व्हिडिओत तर असंच हुतं की."

व्हिडिओ अमेरिकेचा होता. तिथे दर वर्षी संरक्षणाचा एक अधिकृतता कायदा होतो. कोणत्या कामाला परवानगी आणि किती मर्यादेपर्यंत, हे तो ठरवतो. प्रत्यक्ष पैसा देणारा विनियोजनाचा कायदा वेगळा. दोन्ही सभागृहांचं वजन सारखं असतं आणि राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात. ट्रम्प यांनी २३ डिसेंबर २०२० रोजी तो वापरला. प्रतिनिधीगृहाने २८ डिसेंबरला आणि सिनेटने १ जानेवारी २०२१ रोजी तो मोडून काढला. ते सगळं खरं आहे, पण ते तिथलं आहे. आपल्याकडे विनियोजन विधेयक हे धन विधेयक, म्हणजे केवळ सरकारी पैशाच्या बाबींचं विधेयक असतं. राज्यसभेला फक्त चौदा दिवस मिळतात. शिफारशी करता येतात, त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. राष्ट्रपतींना धन विधेयक फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. खुद्द लोकसभेलाही विनियोजन विधेयकात रक्कम बदलणारी दुरुस्ती करता येत नाही, कारण रकमेवरचं मतदान मागण्यांच्या वेळीच झालेलं असतं.

त्या दिवसापासून मी एक सवय लावली आहे. कुठलीही आकृती पाहण्याआधी अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावरून संरक्षणाच्या मागण्यांची पानं काढायची आणि चारही रकमा स्वतःच्या हाताने वहीत उतरवायच्या. अर्धा तास लागतो. पंधरा मिनिटांत संपूर्ण अर्थसंकल्प शिकवणाऱ्यांच्या मागे लागलेल्या मुलांना हा अर्धा तास जड वाटतो, आणि मला त्याचंच वाईट वाटतं.

रकमा उतरवल्या की दुसरी मोठी चूक आपोआप सुटते. २०२५-२६ साठी संरक्षणाला ६,८१,२१० कोटींची तरतूद सुचवली गेली. एका मुलाने लिहिलं, "शस्त्रखरेदीसाठी ६.८१ लाख कोटी मिळाले." मुलगा सैनिक टाकळीचा. मी त्याला वही घेऊन शेजारी बसवलं आणि चार रकाने आखायला लावले. भांडवली खर्च १,८०,००० कोटी, निवृत्तिवेतन १,६०,७९५ कोटी, उरलेल्यातला मोठा वाटा पगार, रसद, देखभाल अशा महसुली खर्चाचा. निवृत्तिवेतनाच्या आकड्यावर त्याचं बोट थांबलं. "म्हंजे आज्जाची पेन्शन ह्यातनंच येती?" हो, त्यातूनच. ज्या गावात घरटी एक फौजी, तिथल्या मुलाने तो आकडा तोफांच्या खात्यात टाकू नये.

त्याच वाक्यातला 'मिळाले' हा शब्दही चूक आहे. १ फेब्रुवारीला सरकार मागतं. मिळतं ते विनियोजनाचा कायदा झाल्यावर. निवडणुकीच्या वर्षी तर मधल्या महिन्यांसाठी लेखानुदान, म्हणजे तेवढ्या महिन्यांच्या खर्चाची आगाऊ मंजुरी घ्यावी लागते. २०२४ मध्ये १ फेब्रुवारीला अंतरिम आणि २३ जुलैला पूर्ण अर्थसंकल्प आला, तो यामुळेच.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. वित्त विधेयक कराचं, विनियोजन विधेयक खर्चाचं. यात गोंधळ करणाऱ्याचं पुढचं उत्तर मी वाचतच नाही. मागणीची रक्कम घटवण्यासाठी खासदार मांडतात ती कपात सूचना. धोरणात्मक कपात सूचना मागणी एक रुपयावर आणण्याची असते, प्रतीकात्मक शंभर रुपयांनी कमी करण्याची. उलट लिहू नका. वर्षाच्या मध्यात पैसा कमी पडला तर पुरवणी मागणी. मंजुरीपेक्षा जादा खर्च होऊन गेलेला असेल तर जादा अनुदान, आणि तेही सरकारचे हिशेब पाहणाऱ्या खासदारांच्या लोकलेखा समितीने तपासल्यावरच.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी चूक: "संरक्षण खर्चावर सभागृहात सविस्तर चर्चा होते." दर वर्षी होत नाही. ठरलेल्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकत्र मताला टाकतात. त्याला गिलोटीन म्हणतात. कार्यसूचीच्या रकान्यात दाखवलेल्या रकमा मंजूर कराव्यात, असा प्रश्न वाचला जातो, होकाराचा आवाज येतो आणि लाखो कोटी मंजूर होतात. २०१८ आणि २०२३ साली झाडून सगळ्या मागण्या चर्चेविना अशाच मंजूर झाल्या, संरक्षणाच्याही. २०१८ च्या त्याच मार्चमध्ये संरक्षणाच्या मागण्या तपासणाऱ्या खासदारांच्या स्थायी समितीचा अहवाल सभागृहापुढे आला होता. लष्कराच्या उपप्रमुखांनी समितीला सांगितलं होतं, की ६८ टक्के साधनसामग्री जुनाट वर्गातली आहे आणि अर्थसंकल्पाने निराशा केली आहे.

म्हणून माझ्या मुलांना मी समितीचा अहवाल वाचायलाच लावतो. ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे, अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतात: मागितले किती, दिले किती, गेल्या वर्षीचे खर्च का झाले नाहीत? शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तरी अहवालात तिन्ही दलांची मागणी आणि तरतूद शेजारी-शेजारी छापलेली असते. त्या दोन रकान्यांची वजाबाकी करा आणि उत्तराची सुरुवात तिथून करा. युवा संसदेतली ती मुलगी आता अभ्यासिकेत नव्या मुलांना हीच वजाबाकी फळ्यावर करून दाखवते, मागणी क्रमांकासकट.