ऑक्टोबरच्या उन्हात वस्तीतली पालेभाजी : आठवड्याला एकच क्रेट पेरा

मुंबईतून मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी जातो आणि लगेच ऊन चटके देऊ लागतं. गोवंडी-मानखुर्दसारख्या दाट वस्तीत दारापुढच्या दोन-तीन फुटांत भाजी करणाऱ्यांनी आता हात घालावा. चार क्रेट आणि रोज चार तास ऊन एवढं असलं तरी घरापुरती मेथी, माठ, पालक निघतो.

पण चारही क्रेट एकाच दिवशी पेरू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. भाजी एकदम काढणीला येते, निम्मी वाटून संपते, उरलेली जून होते आणि पुढचा महिना हात रिकामे. दर रविवारी एकच क्रेट पेरा. चौथा पेरल्यावर आठवड्याभरात पहिल्यातली मेथी तयार होते. ती उपटली की त्याच संध्याकाळी दोन ओंजळी कंपोस्ट मिसळून तिथेच लाल माठ फेका. पालक मात्र उपटू नका. बुडाशी दोन बोटं ठेवून कापलात तर पुन्हा फुटतो. आणि महिनाभरही थांबायचं नसेल तर मुंबईच्या किनाऱ्यावरची समुद्र मेथी आठवा : रेतीत दाट पेरून कोवळी असतानाच मुळासकट काढलेल्या त्या इवल्या जुड्या. तेच क्रेटमध्येही जमतं.

मेथीचं बी डब्यातलं चालेल, क्रेटला दोन लहान चमचे पुरे. रात्रभर भिजवून पेरा.

क्रेटला आतून गोणपाट लावा. माती, कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि नारळाचा भुसा समभाग घेऊन सात-आठ इंच भरा. भिजल्यावर वजन ३५-४० किलोंच्या घरात जातं, म्हणून पत्र्यावर क्रेट ठेवू नका.

माती कुठून आणता, याबद्दल मी हट्टानं सांगते. कचराभूमीजवळची, नाल्याकाठची किंवा राडारोड्यातली माती घेऊ नका, आणि नाल्याचं पाणी तर नकोच. अशा ठिकाणी शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात, पालेभाज्या ते शोषतात आणि भाजी कितीही धुतली तरी आत गेलेलं निघत नाही. पोरांच्या ताटात ते जायला नको. पाणी कमी येत असेल तर तांदूळ-डाळ धुतलेलं वापरा, साबणाचं टाळा. क्रेटखाली थाळी असेल तर ती दर चार दिवसांनी उपडी करून पुसा. डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत अंड्यातून पूर्ण वाढतो.

रोपं बुडाशी कुजून कोलमडली तर पाणी जास्त होतंय. सकाळी एकदाच द्या. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेषा म्हणजे नागअळी, ती पानं खुडून टाका. मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळून संध्याकाळी फवारा.

कोथिंबिरीची घाई नको. ऑक्टोबरच्या उष्म्यात ती नीट उगवत नाही, उगवली तरी लवकर फुलावर जाते. रात्री गार होऊ लागल्या की धने चपलेनं हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि मगच पेरा.