जुन्या लष्करी ट्रकला घरच्या घरी स्प्रे गनने रंग

लिलावातून आलेली जोंगा असो, निस्सान वन-टन असो की शक्तिमान, जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यातल्या या गाड्यांचा पत्रा जाड आणि साधा आहे. सपाट भाग जास्त, वळणं कमी, बोल्ट-रिबेट उघडे. त्यामुळे मोटारगाडीपेक्षा ट्रक घरी रंगवायला सोपा जातो. अडचण आकाराची आहे. घरगुती कॉम्प्रेसर एवढा पत्रा एका दमात रंगवू शकत नाही. म्हणून काम भाग पाडून करायचं आणि दोन भागांचा जोड पत्र्याच्या सांध्यावर, कडेवर किंवा रिबेटच्या ओळीवर आणायचा. मोकळ्या पत्र्याच्या मध्यावर थांबलात तर तो पट्टा कायम दिसत राहतो.

रंग आणण्याआधी आरटीओचं बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव ज्या जिल्ह्यात आहे तिथे लष्करी गाडी हिरवीच हवी असं वाटणं स्वाभाविक आहे, पण खासगी नावावर चढलेल्या गाडीला तो रंग देऊ नका. ऑलिव्हच्या जवळ जाणाऱ्या हिरव्या छटाही टाळा, पासिंगला वाद होतो. राखाडी किंवा वाळूचा रंग या गाड्यांना शोभतो. दुकानात 'डार्क अॅडमिरल्टी ग्रे' मागा, भारतीय मानकाच्या शेड कार्डवर तो ६३२ नंबरला आहे. आरसीवर रंगाची नोंद असते, तेव्हा एमएच ११ असो, १० असो की ५०, आधी आपल्या आरटीओत विचारा, बदलाची परवानगी आणि नोंद करून घ्या, मगच गन हातात घ्या.

चकचकीत रंग या पत्र्यावर घेऊ नका. तीस-चाळीस वर्षांच्या हौद्याला शंभर पोचे असतात आणि चकाकीत प्रत्येक पोचा उठून दिसतो. पूर्ण मॅटही घरच्या कामाला अवघड, कारण त्यावर बसलेला कण किंवा ओघळ नंतर पॉलिशने काढता येत नाही आणि हात कमी-जास्त झाला की ढगासारखे डाग दिसतात. सेमी-मॅट सिंथेटिक इनॅमल हा यातला शहाणा मार्ग. टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, जास्त टिकतो हे खरं, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे विषारी रसायन असतं आणि साध्या मास्कने ते अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर पीयू घरी मारू नका.

दिवस कोणते निवडायचे

जून ते सप्टेंबर विषय सोडून द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो आणि कराड, वाळवा, सांगलीच्या पट्ट्यात कारखान्याची काजळी पडू लागते. ओल्या रंगावर ती बसली की काढता येत नाही, पुसली तर काळी रेघ ओढली जाते. तोड झालेल्या शेतात पाचट पेटवलं की तोच प्रकार. कारखान्याच्या टप्प्यात राहणाऱ्यांनी हंगाम संपल्यावर, मार्चअखेर ते एप्रिल, हे काम काढावं. सातारा शहराकडे फेब्रुवारी चांगला.

एप्रिलमध्ये सकाळी सात ते दहा एवढीच वेळ खरी. दुपारी पत्रा हाताला चटका देतो, मग रंगाचा थेंब पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. त्यात दुपारनंतर वळवाची भीती. थंडीत मात्र उलट करा: दहिवर पूर्ण उडून पत्रा कोमट होईपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, थांबा. तळहात पत्र्यावर आरामात टेकला पाहिजे, गारही नको आणि चटकाही नको.

जागा म्हणून पत्र्याचं शेड किंवा वर ताडपत्री आणि तीन बाजूंना शेडनेट पुरतं. काम सुरू करायच्या अर्धा तास आधी जमिनीवर पाणी शिंपडा. चूल, गोबरगॅसची शेगडी, बिडी यांपैकी काहीही जवळ नको, थिनरची वाफ जमिनीलगत पसरते. कॉम्प्रेसर आणि त्याचं बटण शेडच्या बाहेर ठेवा.

पत्रा तयार करणे

बंपर, लाइट, आरसे, जाळी, वायपर, रबर बीडिंग, हूडचे पट्टे, जेरीकॅनचे स्टँड, जे सुटतं ते सोडवा. जुने बोल्ट वळत नसतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, जोर करून तोडू नका. फॅक्टरीची धातूची पट्टी रिबेट काढून बाजूला ठेवा. चासी नंबरच्या जागेवर मास्किंग टेप लावा आणि शेवटी तिथे रंगाचा एकच पातळ हात (थर) द्या. जाड रंगाने कोरलेले आकडे भरले की पासिंगला पेन्सिलीचा ठसा उठत नाही आणि सगळं खरवडावं लागतं.

मग धुणं. स्प्रिंग, एक्सल, जॉइंट यांवरचं ग्रीस आधी पत्रीने खरवडा, नंतर डिझेलचा ब्रश फिरवा, मग वॉशिंग पावडरच्या गरम पाण्याने दोनदा धुवा. डिझेलवर थांबू नका. त्याचा पातळ थर राहतो आणि रंग तिथे माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो. ब्रेक ड्रमवरची धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

जुना रंग सगळा काढायची गरज नसते. ब्लेडने दोन-तीन मिलिमीटर अंतरावर उभ्या-आडव्या रेघा मारा, वर टेप दाबून झटक्यात ओढा. चौकटी टेपला चिकटून आल्या तर तिथला रंग पत्र्यापर्यंत काढा, नाही आल्या तर तोच उत्तम पाया आहे. दुसरी परीक्षा थिनरची: एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचं फडकं अर्धा मिनिट धरा. रंग सुरकुतला किंवा फडक्याला लागला तर या गाडीवर एनसी प्रकारचं काहीही चढवायचं नाही, खालचा थर उचलला जाईल.

पोपडे आणि गंज चार इंची ग्राइंडरला तारेचा कप लावून काढा, डोळ्यांना गॉगल हवाच. बाकी सगळं पाण्याच्या पेपरने ओलंच घासा. जुन्या लष्करी अस्तरात (प्रायमरमध्ये) शिसं आणि क्रोमेट असू शकतं, त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ नये. घासलेलं पाणी गोठ्याकडे, विहिरीकडे किंवा पाटात जाऊ देऊ नका. खाली जुनी ताडपत्री टाका, गाळ वाळवून पिशवीत बांधा.

घासताना दारावर किंवा टेलबोर्डवर जुने आकडे वर येतात. एका ऑलिव्हखाली दुसरा, जरा पिवळसर ऑलिव्ह, त्याखाली पांढरा बाण आणि युनिटची खूण, मग अस्तर, मग पत्रा. पुढे घासायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवा, त्या गाडीच्या नोकरीची एवढीच नोंद तुमच्याकडे उरणार आहे. याच थरांवरून घासाई पुरी झाली का तेही कळतं. ८० नंबरने सुरुवात, १२० ने कडा उतरवणं, २२० ने सफाई. थरांच्या रेघा डोळ्याला दिसाव्यात, पण बोट फिरवल्यावर लागू नयेत. बोटाला लागलेली कड रंगाच्या तीन हातांनंतरही वर दिसते.

भोक पडलं असेल तर तिथे पत्रा कापून वेल्डिंग करा. पुट्टीने भोक बुजवलं तर मागून गंज चालूच राहतो. पोच्यांना पॉलिस्टर पुट्टी वापरा: १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर, उन्हाळ्यात दहा मिनिटांत घट्ट होते, म्हणून लिंबाएवढीच कालवा. एका जागी तीन मिलिमीटरच्या वर चढवू नका. ट्रकची बॉडी रस्त्यावर मुरडते आणि जाड पुट्टी तडकते.

उघडा पडलेला पत्रा त्याच दिवशी अस्तराखाली गेला पाहिजे. सकाळी घासलं, संध्याकाळी अस्तर. रेड ऑक्साइड चालतं, दोन भागांचं इपॉक्सी प्रायमर जास्त टिकतं. सांधे आणि चाकाच्या कमानींच्या आतल्या कडा गनने नीट भरत नाहीत, तिथे आधी ब्रशने अस्तर दाबून भरा. या गाड्या गंजतात त्या तिथूनच. रात्रभर सुकू द्या, ३२० च्या पाण्याच्या पेपरने हलकं घासा, दिवसभर वाळवा.

किती माल लागेल

टेप घेऊन पत्रा मोजा. गनने मारताना बराच रंग हवेत जातो, म्हणून लिटरमागे सहा चौरस मीटर धरा. बाहेरचा पत्रा ३० चौरस मीटर भरला तर एका हाताला ५ लिटर, दोन हातांना १० लिटर, आणि पुढच्या डागडुजीला १ लिटर. अस्तर ४ ते ५ लिटर, थिनर धुण्यासकट ५ लिटर. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करा, कारण एकाच शेडचे दोन डबे कधी थोडे वेगळे निघतात. सेमी-मॅटमध्ये चकाकी मारणारी पावडर तळाला बसते. चपट्या पट्टीने तळ खरवडून ढवळा, दोन भांड्यांत उलटसुलट करा, पंधरा मिनिटं द्या. ढवळणं कमी पडलं तर पहिलं दार चमकतं आणि शेवटचं मातकट दिसतं.

गन आणि हवा

वर कप असलेली, १.४ किंवा १.५ मिलिमीटर नोझलची गन रंगाला, १.८ ची अस्तराला. कॉम्प्रेसर किमान २ एचपी, टाकी १०० लिटरची असेल तर बरं. बारीक आणि लांब वायरीवर मोटर चालवू नका, व्होल्टेज पडून ती जळते. वायर आखूड ठेवा आणि हवेची नळी लांब घ्या. पाणी अडवणारा फिल्टर टाकीला चिकटवून लावला तर गरम हवेतली वाफ तशीच पुढे जाते. सहा-सात मीटर नळीनंतर लावा म्हणजे हवा थंड होऊन पाणी त्यात पडतं. दर अर्ध्या तासाने टाकीच्या खालचा कॉक उघडा.

रंगात त्याच कंपनीचा इनॅमल थिनर लिटरला १०० ते १५० मिली घाला आणि बारीक गाळणीतून गाळा. रंगाचा पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला बी-४ फोर्ड कप भरा, तो २० ते २५ सेकंदांत रिकामा झाला की बरोबर. हा कप स्वस्त आहे, घ्याच. गनचा घोडा (ट्रिगर) दाबलेला असताना साध्या गनला ४५ ते ५० पीएसआय दाब दिसला पाहिजे, बंद गनवरचं वाचन उपयोगाचं नाही.

पुठ्ठ्यावर आधी मारून बघा. फवारा लांबट आणि सारखा हवा. मध्ये जाड आणि कडेला काहीच नाही, म्हणजे रंग घट्ट किंवा दाब कमी. इंग्रजी आठसारखा मध्ये बारीक, म्हणजे दाब जास्त. केळ्यासारखा वाकडा आला तर गनच्या तोंडावरची हवेची टोपी अर्धी फिरवा: वाक उलट झाला तर टोपीच्या शिंगातलं भोक तुंबलंय, तसाच राहिला तर नोझलच्या तोंडाशी घाण आहे. भोक काडीने साफ करा, तारेने नाही.

रंग मारणे

ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज असलेला मास्क लावा. रुमाल किंवा कापडी मास्क थिनरच्या वाफेला काहीच अडवत नाही.

सुटे भाग, दारांच्या आतल्या कडा आणि कमानी आदल्या दिवशी उरका. मुख्य दिवशी आधी छत, मग बॉनेट, केबिनची एक बाजू, दुसरी बाजू, आणि हौदा वेगळ्या सकाळी. प्रत्येक भागात रिबेट, बिजागऱ्या आणि कोपरे अरुंद फवाऱ्याने आधी, मग रुंद फवाऱ्याने सपाट पत्रा. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंच, मनगट न वळवता सगळा हात सरळ न्यायचा. हात कमानीसारखा फिरला की मध्ये जाड आणि टोकाला पातळ बसतो. घोडा पत्र्याच्या कडेबाहेर दाबा, पलीकडच्या कडेबाहेर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. दाब ४० च्या खाली घसरला की भाग संपवून थांबा आणि टाकी भरू द्या.

पहिला हात इतका हलका की खालचं अस्तर दिसत राहावं. वीस-तीस मिनिटांनी दुसरा, पूर्ण ओला. तिसरा लागलाच तर दुसऱ्या दिवशी. इनॅमल अर्धवट सुकलेला असताना वर हात चढवला की सुरकुत्या पडतात आणि मग तो भाग पुन्हा पत्र्यापासून करावा लागतो. डब्यावर दिलेली वेळ वेगळी असेल तर ती पाळा. ओघळ आला तर बोट लावू नका. दोन-तीन दिवस घट्ट होऊ द्या, ४०० च्या पेपरने लाकडी ठोकळ्यावर सपाट करा आणि सांध्यापासून सांध्यापर्यंत तो अख्खा भाग पुन्हा मारा. सेमी-मॅटला ठिगळ लपत नाही. संत्र्याच्या सालीसारखं दिसलं तर रंग घट्ट किंवा दाब कमी, पुढच्या हाताला ५० मिली थिनर वाढवा.

मास्किंग टेप रंग पूर्ण कडक व्हायच्या आत काढा, नाहीतर कड फाटते. गन त्याच घटकेला थिनरने धुवा. रबर बीडिंग आणि ताडपत्रीचं हूड निदान आठवडाभर चढवू नका, ते चिकटून रंग घेऊन येतात. पंधरा दिवस धुणं नको. बोल्ट बसवताना प्रत्येकाखाली वॉशर घाला आणि घट्ट केल्यावर बोल्टच्या डोक्यावर ब्रशने रंगाचा एक टिपका द्या, कारण पान्याने निघालेल्या टवक्यातून गंज पहिल्याच पावसात सुरू होतो.