मांडवीचे पाणी खारे होण्याआधी: वायंगणासाठी सल्ला

ऑक्टोबरात पाऊस परतला की गोव्यातल्या मांडवी नदीचा जोर ओसरतो आणि भरतीचे खारे पाणी रोज थोडे थोडे वर चढू लागते. म्हणून वायंगणाचे, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामाचे, पीक ठरवण्याआधी आपले शेत नदीच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. वरच्या सत्तरीत जे साधते ते खालच्या चोडण बेटावर साधेलच असे नाही.

खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावलेली म्हादई, म्हणजेच मांडवी, सत्तरीतून गोव्यात उतरते. भरती-ओहोटीचा परिणाम पार गांजेपर्यंत जाणवतो. खाली खांडेपार नदी आणि साखळीकडून येणारी वाळवंटी तिला मिळतात, पात्र रुंदावते आणि चोडण, दिवाडी, जुवे ही बेटे लागतात. कुंभारजुव्याचा कालवा तिला जुवारीशी जोडतो, त्यामुळे कालव्याकाठच्या शेतांना दोन्ही नद्यांची भरती सोसावी लागते.

वरच्या भागातल्या कुळागरवाल्यांनी (सुपारीच्या बागा असणाऱ्यांनी) कोळेरोगाने, म्हणजे फळकुजीने, गळलेली सुपारी वेचून बागेबाहेर न्यावी. पुराचा जोर पूर्ण उतरल्यावरच बंधाऱ्याच्या फळ्या बसवाव्यात. घाई केली तर उशिराच्या सरीचा गाळ मागे साचतो.

खरी कसोटी खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतात, आहे. पावसाने जमिनीतले मीठ धुऊन नेले म्हणून सरदाचे (पावसाळी हंगामाचे) भात पिकले. आता जमीन उघडी वाळली तर खालचे मीठ ओलाव्याबरोबर वर येते. कोरगुट हे मीठ सोसणारे भात कापल्यावर पेंढा जाळू नका, जमिनीवर पसरून ठेवा.

कापणी आटोपताच अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावरून चालत जा. खेकड्यांची बिळे चिखल आणि पेंढ्याने ठासून बुजवा. बोटाएवढे बीळ दोन उधाणांत भगदाड होते. बांधाबाहेरची तिवरे तोडू नका, लाटांचा मार तीच अंगावर घेतात. मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या वाटेचे) दार भरतीला आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. त्यात लाकूड अडकले आहे का, फळी कुजली आहे का, हे पाहून घ्या. मासळीसाठी दार मुद्दाम उघडे ठेवून खारे पाणी शेतात घेणे मला अजिबात मान्य नाही. एका हंगामाच्या कोळंबीपायी शेजाऱ्याची जमीन पुढच्या पावसापर्यंत, कधी त्याहूनही जास्त काळ नापीक होते. हे कुळांच्या बैठकीत स्पष्ट बोला आणि मानशीची जबाबदारी कोणाची ते लिहून ठेवा.

वायंगण भात फक्त तळ्याचे किंवा विहिरीचे गोडे पाणी शेवटपर्यंत पुरणार असेल तिथेच लावा. पाणी थोडे असेल तर अळसांदे (चवळी) बरे, तेही मिठाच्या जमिनीत नको. जुव्याची सात शिरांची भेंडी नावाजलेली असली तरी भेंडीला मीठ सोसत नाही, ती गोड्या पाण्यावरच घ्या. नदीतून पंप लावणार असाल तर ओहोटी संपता संपता पाणी उचला, तेव्हा ते त्यातल्या त्यात गोडे असते.

जिभेवर विसंबू नका. मातीचा आणि पाण्याचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात देऊन तपासून घ्या. मातीची विद्युतवाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. अशा शेतासाठी पुढच्या सरदाला कोरगुट किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने काढलेले ‘गोवा धान’ वाण ठेवा आणि बियाण्याची मागणी उन्हाळ्यातच नोंदवा.