इंग्लंडमधील लॉफ्टची खोली मुलांना देताना

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला हॅरो, हाउन्स्लो किंवा रेडिंगसारख्या ठिकाणी घर पाहताना हमखास एक खोली दाखवली जाते. जुन्या टेरेस घराच्या (ओळीने एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांपैकी एकाच्या) छपराखालचा लॉफ्ट मोकळा करून ती काढलेली असते आणि ‘ही मुलांची खोली’ असे सांगितले जाते. अशी खोली मुलांना खरोखरच आवडते, आणि नीट मांडली तर ती घरातली सर्वांत चांगली खोली ठरू शकते. मात्र आपल्याकडे फ्लॅट घेताना जसा चौरस फुटांचा हिशेब होतो, तसा येथे करून चालत नाही. उतरत्या छपराच्या खोलीत जमीन किती आहे यापेक्षा कोणत्या ठिकाणी किती उंची मिळते, यावर सगळे अवलंबून असते. पलंग, टेबल, कपाट यांच्या जागा त्या उंचीवरूनच ठरवाव्यात, हे मला या लेखात आग्रहाने सांगायचे आहे.

त्याआधी ती खोली झोपण्यासाठी कायदेशीर आहे का, हे तपासणे आवश्यक आहे. लॉफ्टचे राहण्यायोग्य खोलीत रूपांतर करताना नियोजनाची परवानगी (प्लॅनिंग परमिशन) पुष्कळदा लागत नाही, पण बांधकाम नियमांची मंजुरी लागतेच. काम संपल्यावर कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, बिल्डिंग कंट्रोल विभाग किंवा मान्यताप्राप्त खाजगी तपासनीस कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे काम नियमांनुसार झाल्याचा दाखला, देतो. घर विकत घेत असाल तर तुमच्या सॉलिसिटरला (खरेदीचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलाला) ते मागायला सांगा. भाड्याने घेत असाल तर एजंटला लेखी विचारा. जुन्या घरातील वरच्या आडव्या तुळया मुळात फक्त छताचे प्लास्टर धरून ठेवण्यासाठी बसवलेल्या असतात, त्यामुळे माणसांच्या वावरासाठी तेथे नवीन, मजबूत तुळया घालाव्या लागतात. कायमचा जिना, वीजजोडणीवर चालणारे आणि एकमेकांशी जोडलेले धुराचे अलार्म, तसेच जिन्याकडे उघडणाऱ्या खोल्यांना काही काळ आग आणि धूर रोखून धरणारी दारे ही रीतसर कामाची लक्षणे होत. घडीच्या शिडीने वर जावे लागत असेल, तर गालिचा कितीही मऊ आणि भिंती कितीही पांढऱ्याशुभ्र असल्या तरी तेथे मुलांना झोपवू नये.

आगीच्या वेळी वरच्या मजल्यावरील मुलाला बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे तो जिनाच. त्यामुळे जिन्यावर आणि मधल्या मजल्यावरील लँडिंगवर, म्हणजे जिन्यालगतच्या मोकळ्या जागेत, चपलांची मांडणी, रद्दी, रिकामी खोकी किंवा बाळाची गाडी ठेवू नये. रात्री झोपताना खालच्या खोल्यांची दारे लावून घ्यावीत. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात राहत्या वापराच्या प्रत्येक मजल्यावर निदान एक धुराचा अलार्म असणे २०१५ पासून बंधनकारक आहे. लॉफ्टमधला अलार्म वाजवून पाहा आणि तो दार बंद असताना तुमच्या खोलीत ऐकू येतो का, याचीही खात्री करून घ्या.

आता मोजमापाकडे वळू. फर्निचर घेण्यापूर्वी मोजपट्टी आणि रंगकामात वापरतात ती कागदी चिकटपट्टी घेऊन खोलीत जा. छपराचा उतार जमिनीपासून दीड मीटर उंचीवर जेथे येतो, त्याच्या बरोबर खाली जमिनीवर एक रेघ आखा, १.९ मीटरवर येतो तेथे दुसरी आखा. समजा खोली ५ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे, दोन्ही बाजूंच्या बुटक्या भिंती १ मीटर उंच आहेत आणि उतार ४५ अंशांचा आहे. जमीन २० चौरस मीटर भरते. दीड मीटरची उंची मात्र प्रत्येक भिंतीपासून अर्धा मीटर आत आल्यावर मिळते, म्हणजे १५ चौरस मीटर उरतात. मोठ्या माणसाला ताठ उभे राहता येईल असा पट्टा २.२ मीटर रुंद, म्हणजे ११ चौरस मीटरच असतो. उतार याहून कमी असेल तर हा पट्टा आणखी अरुंद होतो. नवीन घरांसाठी २०१५ मध्ये आलेल्या राष्ट्रीय मानकातही दीड मीटरपेक्षा कमी उंचीची जमीन, केवळ सामान ठेवण्याचा अपवाद वगळता, क्षेत्रफळात धरत नाहीत.

या रेघा आखल्या की मांडणी बरीचशी आपोआप सुचते. चालणे, कपडे बदलणे, जमिनीवर खेळणे यांसाठी मधला उंच पट्टा मोकळा सोडावा. झोपण्याची आणि बसण्याची जागा उताराखाली न्यावी. अगदी कडेच्या बुटक्या जागेत फक्त वस्तू ठेवाव्यात. अनेक घरांत याच्या उलट होते: पलंग खोलीच्या मधोमध येतो आणि कडेची जागा वाया जाते. पलंगाची लांब बाजू बुटक्या भिंतीला समांतर ठेवावी, पण अगदी चिकटवू नये. गादीचा पृष्ठभाग जमिनीपासून ४५ सेंटीमीटरवर असेल, तर मूल सकाळी उठून बसते त्या जागी एकूण दीड मीटर उंची असलेली बरी. नाहीतर डोके रोज छपराला लागते. मिळणारी उंची त्याहून कमी असेल तर बुटका पलंग घ्या, किंवा पलंग थोडा बाहेर ओढून त्याच्या मागे पुस्तकांची बुटकी फळी ठेवा. पलंगाखाली खण हवे असतील तर ते खोलीच्या बाजूला उघडतात ना, आणि पूर्ण बाहेर यायला जागा उरते ना, हे आधी पाहावे.

जागा वाचवण्यासाठी दुमजली पलंग हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय आहे. माझ्या मते लॉफ्टमध्ये तो बहुतेक वेळा अयोग्य ठरतो. वरच्या मुलाला बसायला उंची पुरत नाही, उन्हाळ्यात छपरालगतची हवा सर्वांत गरम असते, आणि सहा वर्षांखालील मुलांना वरच्या पलंगावर झोपवू नये, अशी सुरक्षिततेची सूचना त्या पलंगांवरच दिलेली असते. दोन मुलांसाठी खालून ओढून काढता येणारा दुसरा पलंग अधिक सोयीचा. गादी घेताना एक बारकावा लक्षात ठेवावा: ब्रिटिश सिंगल गादी ९० बाय १९० सेंटीमीटरची असते, तर इकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीची ९० बाय २०० ची. पलंग एका दुकानातून आणि गादी दुसऱ्या दुकानातून घेतली तर दहा सेंटीमीटरची फट राहते किंवा गादी बसतच नाही.

सामान वर नेणे हे वेगळे काम आहे. एरवी जिन्यावर दोन मीटर मोकळी उंची लागते. लॉफ्टच्या जिन्याला जागा अपुरी असल्यास मध्यभागी १.९ आणि कडेला १.८ मीटरपर्यंत सवलत मिळते, शिवाय वळणही अरुंद असते. त्यामुळे गुंडाळून येणारी गादी आणि सुट्या भागांत येणारे फर्निचरच घ्यावे. जमिनीवर आडवे जोडून मग उभे करायचे कपाट असेल तर त्याच्या उंचीऐवजी कर्णाची लांबी मोजा. २०१ सेंटीमीटर उंच आणि ५८ सेंटीमीटर खोल कपाट उभे करताना सुमारे २०९ सेंटीमीटर मोकळी उंची लागते, आणि ती फक्त मधल्या पट्ट्यात मिळते. खरे तर मुलांच्या कपड्यांना एवढ्या उंचीची गरजच नसते. बुटक्या भिंतीलगत ७५ ते ८० सेंटीमीटर उंचीचे खणांचे कपाट पुरते, आणि मुलांना आपले कपडे स्वतः काढता-ठेवता येतात. ते कपाट मात्र भिंतीला पट्टीने पक्के बांधा, कारण उघड्या खणांवर चढणाऱ्या मुलाच्या अंगावर ते कोसळू शकते. भाड्याच्या घरात भिंतीला भोके पाडण्याआधी घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी लागते. ती मागताना मुलांच्या सुरक्षिततेचे कारण स्पष्ट लिहावे. उतरत्या छताला मात्र परवानगी असली तरी जड काही लटकवू नये. आतल्या प्लास्टरबोर्डामागे बाष्परोधक थर आणि उष्णतारोधक असतो, आणि खिळ्यांनी तो थर फाटला की आत ओल धरते.

बुटक्या भिंतीत लहान दार असेल तर त्यामागची छपराच्या कडेची जागा भारतातून आणलेल्या रिकाम्या सुटकेससाठी उत्तम आहे. ती जागा हिवाळ्यात थंड आणि दमट होते, म्हणून गोधड्या, रेशमी कपडे, पुस्तके आणि फोटो तेथे ठेवू नयेत. उष्णतारोधक कापूस दाबला जाईल किंवा छपराच्या कडेची हवा खेळण्याची फट बुजेल असे सामान कोंबू नये. तेथील जमीन मजबूत केलेली असेलच असे नाही, त्यामुळे जड खोकीही टाळावीत. लहान मुलांच्या घरात या दाराला कडी हवी.

खिडकीखालची जागा अभ्यासाच्या टेबलाला द्यावी. वेलक्स या छपरातील खिडक्या बनवणाऱ्या कंपनीच्या, मधल्या अक्षावर फिरणाऱ्या खिडकीची उघडण्याची पट्टी वरच्या कडेला असते, त्यामुळे खाली टेबल असले तरी ती उघडता येते. मात्र लहान मूल चढून खिडकीपर्यंत पोहोचेल अशा रीतीने टेबल किंवा पलंग ठेवू नये. मूल लहान असेपर्यंत टेबल दुसरीकडे मांडावे आणि खिडकी दहा सेंटीमीटरपेक्षा अधिक उघडू न देणारा, पण मोठ्यांना सोडवता येणारा अडसर बसवावा. पडदा मागवण्यासाठी काचेचे माप घेत बसू नका. खिडकी उघडली की चौकटीच्या वरच्या भागावर एक लहान पट्टी दिसते. तिच्यावर ‘एमके०४’ यासारखा आकाराचा संकेत असतो आणि त्यावरून नेमका पडदा मिळतो. लोंबणारी दोरी असलेला पडदा मुलांच्या खोलीत नको. जूनमध्ये लंडनला पहाटे पावणेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणून प्रकाश पूर्ण अडवणारा पडदा घ्यावा. उकाड्यासाठी मात्र काचेच्या बाहेरून बसणारा पडदा अधिक उपयोगी, कारण तो ऊन आत येण्यापूर्वीच अडवतो. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातील कोनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तशा दिवसांत छपराखालची खोली झोपण्याजोगी राहत नाही आणि मुलांना खालच्या मजल्यावर झोपवावे लागते. हिवाळ्यात उलट त्रास होतो: काचेवर पाणी साचते आणि कपाटांमागे बुरशी येते. खिडकीच्या वरच्या भागातील हवेची झडप उघडी ठेवावी, भिंत आणि फर्निचर यांत पाचेक सेंटीमीटर अंतर सोडावे, आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नयेत.

आजी-आजोबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात तेव्हा त्यांना लॉफ्टची ‘स्वतंत्र’ खोली द्यावी असे प्रेमापोटी वाटते. पण त्या उभ्या, अरुंद जिन्यावरून रात्री बाथरूमसाठी चढउतार करणे त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. त्यांना मधल्या मजल्यावरची खोली द्यावी आणि तेथील मुलाला तेवढ्या काळासाठी वर पाठवावे. ओढून काढायचा दुसरा पलंग येथे पुन्हा उपयोगी पडतो. घर भाड्याचे असेल तर खोलीत कायमचे बसवलेले फर्निचर करून घेऊ नका, सुटे आणि बुटके घ्या. अकराव्या वर्षी मूल सेकंडरी शाळेत जाते, पुढल्या काही वर्षांत त्याची उंची झपाट्याने वाढते आणि तुम्ही आखलेली दीड मीटरची रेघ त्याला पुरेनाशी होते. तेव्हा टेबल मोठे घ्यावे लागेल आणि पलंग आणखी आत सरकवावा लागेल, म्हणून सुरुवातीलाच एका बाजूची निदान सव्वा मीटर लांबीची भिंत मोकळी ठेवा.